थोमाने बांधलेला राजवाडा

चेन्नईच्या मैलापुरात, समुद्राजवळ, १८९६ साली पुरे झालेले सान्थोमचे शुभ्र चर्च आहे. प्रेषित थोमाला येथेच पुरले, अशी श्रद्धा आहे. धन पृथ्वीवर न साठवता स्वर्गात साठवावे, ही ख्रिस्ताची शिकवण थोमाविषयीच्या एका प्राचीन सीरियाई कथेत मोठ्या मौजेने उतरली आहे.

वायव्येकडील राजा गोंडोफरस (हा कल्पित नव्हे, त्याची नाणी सापडली आहेत) याने राजवाडा बांधण्यासाठी थोमाला द्रव्य दिले. थोमाने ते गोरगरिबांत वाटून टाकले आणि वाडा स्वर्गात उभा असल्याचे सांगितले. राजाने त्याला तुरुंगात टाकले. पैसा राजाचा होता. त्याचा संताप मला अगदीच गैर वाटत नाही. इतक्यात राजाचा भाऊ वारला, स्वर्गात तो वाडा पाहून आला आणि जिवंत होताच तो विकत मागू लागला. राजा म्हणाला, हा काही मिळावयाचा नाही. थोमाकडून दुसरा बांधून घे.