खाऊच्या आधी वर्दी

वडखळ मागे टाकून गोव्याच्या वाटेला लागलं की डोलवीनंतर गडब येतं. समजा, इथल्या एका आजीने न्यू जर्सीतल्या नातीसाठी खोका भरायला घेतला आहे. चकल्या, बेसनाचे लाडू, सुक्या खोबऱ्याच्या दोन वाट्या, आरतीसाठी कापराची डबी आणि पेणहून आणलेली शाडूची वीतभर गणेशमूर्ती. यातलं काय विमानात चढणार नाही? बहुतेकांचं बोट मूर्तीकडे किंवा लाडवांकडे जाईल. अडतात ते कापूर आणि खोबरं!

धोकादायक मालाची एक जागतिक यादी आहे. तिच्यात प्रत्येक पदार्थाला संयुक्त राष्ट्रांचा चार आकडी क्रमांक असतो. कापूर 2717, सहज पेटणारा घन पदार्थ, हे पटतं. पण देवापुढच्या वाटीतलं खोबरंही त्या यादीत आहे: क्रमांक 1363, वर्ग ‘आपोआप तापणारे पदार्थ’. खोबऱ्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेत राहतं आणि त्यातून थोडी थोडी ऊब सुटते. दोन वाट्यांची ऊब हवेत विरून जाते. ओलसर खोबऱ्याचा ढीग रचला तर तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही, आणि काडी न लावता ढीग आतून पेटू शकतो. जमिनीवर आग लागली तर माणूस बाहेर पळतो, दहा किलोमीटर उंचीवर पळणार कुठे? टपालाचे नियम म्हणूनच इतके कडक आहेत, आणि ते तसे असावेत असं मला मनापासून वाटतं.

बाकीचा खोका क्ष-किरणांखाली जातो. हे यंत्र दोन वेगवेगळ्या शक्तींचे किरण सोडतं आणि कोणता किरण किती अडला यावरून आतल्या वस्तूतले अणू हलके की जड याचा अंदाज बांधतं. पडद्यावर धातू निळे दिसतात, माती हिरवट, आणि कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन यांचे पदार्थ नारिंगी. म्हणजे लाडू नारिंगी. पण बहुतेक स्फोटकंही याच हलक्या अणूंची, नायट्रोजनसह बनलेली असतात, म्हणून तीही नारिंगीच दिसतात. बेसन आणि बहुतेक स्फोटकं पडद्यावर एका रंगाची!

नुसत्या चित्रावर का भागत नाही, हे 29 ऑक्टोबर 2010 रोजी जगाला कळलं. येमेनहून कुरिअरने शिकागोकडे निघालेली दोन पार्सलं दुबईत आणि इंग्लंडच्या ईस्ट मिडलँड्स विमानतळावर अडवली गेली. प्रिंटरच्या शाईच्या डब्यांत भुकटीऐवजी पीईटीएन हे स्फोटक भरलेलं होतं, प्रत्येकी तीन-चारशे ग्रॅम. इंग्लंडमध्ये पहिल्या तपासणीत काहीच सापडलं नव्हतं. ती पार्सलं पकडून दिली सौदी अरेबियाच्या हेरखात्याने दिलेल्या खबरीने. त्यानंतर अमेरिकेकडे जाणाऱ्या एक पौंडाहून, म्हणजे 453 ग्रॅमहून जड टपालावर निर्बंध आले. पण खरा बदल पुढे झाला: खोक्यापेक्षा खोक्याची माहिती आधी तपासायची.

आजीच्या पार्सलवर तेरा अक्षर-अंकांचा क्रमांक चिकटतो: सुरुवातीला दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी भारताची ‘आयएन’. नववा आकडा पहिल्या आठांचा पहारेकरी असतो. समजा ते आठ आकडे 12345678 आहेत. त्यांना क्रमाने 8, 6, 4, 2, 3, 5, 9, 7 ने गुणा आणि बेरीज करा: 204. तिला 11 ने भागल्यावर बाकी उरते 6. अकरातून सहा गेले, पाच. नववा आकडा 5. टाइप करताना एखादा आकडा चुकला की बहुतेक वेळा हे गणित जुळत नाही आणि संगणक तिथेच थांबतो. जगभरचं टपाल हीच एक रीत पाळतं. त्या क्रमांकामागे पाठवणारा, घेणारा, आतल्या वस्तू, वजन, किंमत अशी सगळी वर्दी बांधलेली असते, आणि ती पार्सलच्या पुढे धावते. 2021 पासून वस्तू असलेल्या आंतरराष्ट्रीय टपालासाठी अशी आगाऊ माहिती बंधनकारक आहे. युरोपच्या बाबतीत तर खोका विमानात चढण्याआधीच तिकडून ‘चढवू नका’ असा निरोप येऊ शकतो. खोका अजून मुंबईतच, आणि निकाल समुद्रापलीकडे!

  

मला सर्वांत भावलेला नियम मात्र अमेरिकेचा आहे. अन्नातून होणाऱ्या हल्ल्याच्या भीतीने त्यांनी 2002 मध्ये कायदा केला: देशात येणाऱ्या खाद्यपदार्थांची आगाऊ सूचना त्यांच्या अन्न व औषध प्रशासनाला द्यायची. त्या नियमात एक सूट आहे. एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या घरी बनवून स्वतः भेट म्हणून पाठवलेल्या पदार्थाला ही सूचना लागत नाही. दुकानातून विकत घेतलेल्या चकलीला ही सूट नाही, आजीच्या हातच्या चकलीला आहे.

तेव्हा कस्टम्सच्या फॉर्मवर नुसतं ‘खाऊ’ किंवा ‘भेटवस्तू’ लिहू नका. घरी केलेली चकली, अर्धा किलो; मातीची मूर्ती, एक; असं वस्तूवार, खरं वजन आणि खरी किंमत घालून लिहा. कापूर आणि खोबरं खोक्यातून काढून ठेवा. न्यू जर्सीतल्या भारतीय दुकानांत दोन्ही मिळतं.