3,000चा कांदा, 8,800ची उलाढाल

समजा, लासलगावच्या बाजार समितीत एका शेतकऱ्याने एक क्विंटल कांदा 1,500 रुपयांना विकला. व्यापाऱ्याने तो वाशीच्या घाऊकवाल्याला 2,000ला दिला. त्याने किरकोळवाल्याला 2,300ला, आणि गिऱ्हाइकांनी किलोकिलोने नेला तो एकूण 3,000ला. आता बेरीज करा. आपण खाल्ला 3,000चा कांदा. उलाढाल झाली 8,800 रुपयांची!

यात लबाडी कुठेच नाही. नफा म्हणजे हाताशी उरलेलं. उलाढाल मात्र या हातातून त्या हातात गेलेलं मोजते. कांदा तोच, पण हात बदलला की पुन्हा मोजायचा. भाजीवाल्या मावशींचंच घ्या. सकाळी 2,000चा माल उचलायचा, रात्री गल्ल्यात 2,500. त्यातले 2,000 उद्याच्या मालाला. वर्षाचे 300 दिवस हेच चाललं, तर उलाढाल साडेसात लाख, भांडवल तेच 2,000! अशा पैशाला मराठीत ‘खेळतं भांडवल’ म्हणतात. पैसा खेळतो, ही कल्पना मला फार आवडते.

‘उलाढाल’ या शब्दाचा तोराही बघा. कटिंग चहा घेतला तर उलाढाल होत नाही. कोणी तसं म्हणालंच तर थट्टेने. छोटं असेल तर देणंघेणं, एकच ठरलेला व्यवहार असेल तर सौदा. उलाढालीला पसारा लागतो. आणि अनेकवचन केलं की ती पेढीवरून उठून थेट राजकारणात शिरते: ‘पडद्यामागच्या उलाढाली’. तिथे रुपये मोजले जातातच असं नाही. माणसं इकडची तिकडे होतात. वर्तमानपत्रं कधी कधी तिला उलथापालथीच्या जागी बसवतात, ते मला खटकतं. उलथापालथ आपोआपही होते, भूकंपाने होते. उलाढाल कोणीतरी करावी लागते, आणि असा खटपट्या माणूस म्हणजे ‘उलाढाल्या’. या शब्दात कौतुक किती आणि संशय किती, हे बोलणाऱ्याच्या सुरावरून ओळखायचं.

सरकारही आधी उलाढालच विचारतं. महाराष्ट्रात नुसता माल विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल 40 लाखांवर गेली, की साधारणपणे जीएसटीची नोंदणी करावी लागते, मग धंदा तोट्यात का असेना. फक्त ताजा कांदा विकणारा मात्र कोटींची उलाढाल करूनही यातून सुटतो. ताज्या कांद्यावर जीएसटीच नाही.