चौथ्या चरणाची मोकळी जागा

तुकाराम महाराजांचा ‘सुंदर ते ध्यान’ वारकरी भजनात रूपाचा अभंग म्हणून गातात. श्रीनिवास खळे यांच्या चालीत लता मंगेशकरांनीही तो गायला आहे. शब्द तेच. पण लताबाईंच्या गाण्यात आपण मूर्तीसमोर पोचलेलो असतो, एकटे, निवांत. दिंडीत पंढरपूर अजून लांब असतं आणि पाय तिकडे ओढत असतात. एकीकडे समाधान, दुसरीकडे ओढ. हा फरक केला चालीनं आणि लयीनं.

मोठ्या अभंगाची बांधणीच बघा. सहा, सहा, सहा आणि शेवटी चार अक्षरं. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक गाणाऱ्याला पुढे रेटतं आणि चौथा चरण लवकर आटपतो. उरलेल्या मात्रांचं काय करायचं, यावर बराचसा भाव ठरतो. संथ चालीत तिथे स्वर पसरतो, ऐकणारा रेंगाळतो. दिंडीत तीच जागा टाळ-मृदंग भरून काढतात आणि मागचे टाळकरी ओळ उचलतात. थांबायला सवड कुणाला आहे?

मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात. तिच्या वजनानं नाद खाली उतरतो, घुमतो, कानाआधी छातीला कळतो. वर टाळांचा खणखणाट. आणि गळे केवढे चढे! काळी चार, काळी पाच. उघड्यावर आवाज लांब जायला हवा, ही सोय तर आहेच. पण त्या पट्टीत वरचा षड्ज गाठताना पडणारे कष्ट लपत नाहीत, आणि आर्तता नेमकी त्या कष्टांत आहे. पट्टी उतरवली तर सूर सोपे होतील, हाक मात्र जाईल.

आठ मात्रांचा भजनी ठेका संथ सुरू होतो. लय वाढते तसे शब्द गळत जातात. मंडळी अभंगावरून गजरावर येतात आणि टिपेला नुसतं नाव उरतं.

हल्लीच्या बऱ्याच ध्वनिमुद्रित भजनांत ऑक्टोपॅड पहिल्या मात्रेपासूनच सुसाट सुटतो. त्यात उत्साह असतो, ओढ नसते, कारण पुढे चढायला काही राखलेलंच नसतं. भजनी मंडळांनी निदान रूपाचा अभंग तरी ठाय लयीत गावा आणि लय कधी वाढवायची ते मृदंग्यावर सोपवावं.