बांधकाम पदविकेचा खर्च व मोबदला : शिरगावच्या संदर्भात एक विचार

कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीतील शिरगाव हे एके काळचे खेडे आज इमारतींनी वेढलेले आहे. 2001 च्या जनगणनेत लाखाच्या आत असलेली या शहराची लोकसंख्या 2011 मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास पोहोचली. ही वस्ती ज्यांनी उभारली त्या गवंडी, बिगारी व सेंट्रिंगवाल्यांच्या घरांतील मुलांपुढे दहावीनंतर एक प्रश्न उभा राहतो : पदविकेला तीन वर्षे द्यावीत, की वडिलांबरोबर साइटवर जावे? सल्ला विचारावयास ही मुले आपल्याकडे येतात, आणि ‘शिक्षण वाया जात नाही’ एवढे सांगून आपण बहुधा मोकळे होतो. या सल्ल्यामागील हिशेब मांडून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांत बांधकाम व्यवस्थापनाची दोन वर्षांची ‘असोसिएट’ पदवी मिळते. आपल्याकडे तिला सर्वांत जवळची म्हणजे महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची स्थापत्य अभियांत्रिकी पदविका. दहावीनंतर ती तीन वर्षांची आहे. बारावी विज्ञान वा आयटीआय झालेल्यांना थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळत असल्याने त्यांचे एक वर्ष वाचते.

खर्च म्हटला की शुल्काचाच विचार होतो. वास्तविक मोठा खर्च बुडालेल्या मजुरीचा असतो. उदाहरणादाखल असे धरू की शुल्क, पुस्तके व लोकलचा पास मिळून वर्षाला 40,000 रुपये लागतात. तीन वर्षांचे 1,20,000 झाले. हाच मुलगा साइटवर महिना 12,000 रुपयांप्रमाणे वर्षातून दहा महिने काम करता, तर तीन वर्षांत त्याने 3,60,000 मिळविले असते. एकूण भार 4,80,000. पदविकेमुळे पुढे दरमहा 5,000 रुपये अधिक मिळाले, तर हा भार फिटावयास आठ वर्षे लागतात. गरीब घराला आठ वर्षे फार वाटतात, आणि ते चूक नाही.

परंतु या हिशेबात एक गफलत आहे. दहावी उत्तीर्ण मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा असतो. बांधकाम कामगारांच्या कल्याण मंडळाकडे लाभार्थी म्हणून नोंदणी वयाच्या अठराव्या वर्षानंतरच होते. म्हणजे पहिल्या दोन वर्षांची ‘बुडालेली’ मजुरी ही कल्याण मंडळाचे कोणतेही संरक्षण नसलेल्या अल्पवयीनाची मजुरी होय. ती उत्पन्न म्हणून जमेस धरावी काय? प्रस्तुत लेखकाच्या मते धरू नये. ते 2,40,000 वगळले, आणि वडील नोंदित कामगार असल्यास राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडून पहिल्या दोन अपत्यांना पदविकेसाठी मिळणारे वार्षिक 20,000 रुपयांचे साहाय्य, म्हणजे तीन वर्षांचे 60,000, वजा केले, तर भार 1,80,000 वर येतो. मग आठ वर्षांऐवजी तीन वर्षे पुरतात.

मोबदल्याच्या बाजूस मात्र भ्रम नको. नव्या पदविकाधारकाचा पहिला पगार कसलेल्या सेंट्रिंग कारागिरापेक्षा कमी असू शकतो. ओळंबा, लेव्हल व माणसे सांभाळणे यांत मुरलेला मुकादम त्याला सहज मागे टाकतो. पदविकेचे मोल हाताच्या कौशल्यात नसून लिहून ठेवण्यात आहे : अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका, बार बेंडिंग शेड्यूल, काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या सात व अठ्ठावीस दिवसांच्या चाचण्यांची नोंद. स्थावर संपदा अधिनियम, 2016 नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत उद्भवणाऱ्या संरचनात्मक दोषाची जबाबदारी विकासकावर आहे, आणि ग्राहकांचे पैसे प्रकल्पाच्या विशेष खात्यातून काढताना अभियंत्याचेही प्रमाणपत्र लागते. प्रमाणपत्रावर सही दुसऱ्याची असली तरी तिला आधार साइटवरील नोंदींचाच असतो. मुकादमाचे सारे ज्ञान तोंडी असते, आणि वाद उद्भवला की तोंडी ज्ञान उपयोगी पडत नाही.

दुसरा मोबदला पात्रतेचा. सार्वजनिक बांधकाम विभाग वा जिल्हा परिषदेतील कनिष्ठ अभियंता हे पद पदविकेशिवाय मिळत नाही. सातव्या वेतन आयोगानुसार त्याची वेतनश्रेणी 38,600 रुपयांपासून सुरू होते. अशी नोकरी मिळाली तर वरील सारे गणित वर्षभरातच सुटते. पण जागा मोजक्या असतात व पदवीधरही त्याच परीक्षेस बसतात. म्हणून या शक्यतेवर घराचा हिशेब उभारणे धोक्याचे आहे. पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश, हा मार्ग अधिक भरवशाचा.

जे पदवीकडे वळणार नाहीत त्यांनी शिकाऊ उमेदवारीचे वर्ष टाळू नये. 2019 च्या सुधारित नियमांनी पदविकाधारकासाठी किमान मासिक विद्यावेतन 8,000 रुपये ठरविले. रक्कम तुटपुंजी खरी. तथापि मुकादमाच्या हाताखाली वर्षभर राहिलेला पदविकाधारक व न राहिलेला पदविकाधारक यांतील फरक ठेकेदार पहिल्या स्लॅबलाच ओळखतो.

प्रवेशाच्या वेळी आपण गुणपत्रिका व उत्पन्नाचा दाखला पाहतो. वडिलांची मंडळाकडील नोंदणी चालू आहे काय, हे सहसा विचारीत नाही. तिच्यासाठी मागील वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचे प्रमाणपत्र लागते, आणि नाक्यावरून रोज नव्या ठेकेदाराकडे जाणाऱ्या मजुराला ते मिळविणे जिकिरीचे जाते. जून महिन्यात धावपळ करून ते हाती येत नाही. मुलगा नववीत असतानाच त्याची तजवीज सुरू करावी लागते.