एक फोन, अनेक किल्ल्या: ग्राफीनओएसमधील प्रोफाइलची आखणी

ग्राफीनओएस ही अँड्रॉइडच्या मुक्त स्रोतावर उभारलेली मोबाइल कार्यप्रणाली आहे. ती गुगलच्या पिक्सेल फोनवर चालते आणि सुरक्षा व खासगीपणा यांना सर्वांत वरचे स्थान देते. एकाच फोनमध्ये परस्परांना न दिसणारी अनेक प्रोफाइल उभी करण्याची सोय हा तिचा फार मोलाचा भाग आहे. घरचे फोटो एका प्रोफाइलमध्ये, बँकेचे व्यवहार दुसऱ्यात, भरवसा नसलेली अ‍ॅप्स तिसऱ्यात, अशी वाटणी तिथे करता येते. या वाटणीचा अर्थ पुष्कळदा पसारा आवरण्यापुरताच घेतला जातो. प्रत्यक्षात प्रत्येक प्रोफाइलला एन्क्रिप्शनची स्वतंत्र किल्ली असते. ती किल्ली केव्हा स्मृतीत असते आणि केव्हा नसते, यावरच आखणीचा सगळा विचार उभा राहायला हवा.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. अनेक वापरकर्त्यांची सोय अँड्रॉइडमध्ये २०१२ साली ४.२ या आवृत्तीत टॅबलेटवर आली. २०१४ मध्ये ५.० आवृत्तीने ती फोनवर आणली आणि तिच्यासोबत कार्यालयीन कामासाठी ‘वर्क प्रोफाइल’ही दिले. २०१६ च्या ७.० आवृत्तीत फाइलनिहाय एन्क्रिप्शन आले, तर २०२४ च्या १५ व्या आवृत्तीत ‘प्रायव्हेट स्पेस’. दरम्यान डॅनियल मिके यांनी २०१४ पासून कॉपरहेडओएस या अँड्रॉइडवरच आधारलेल्या प्रणालीवर काम केले. २०१८ मध्ये तिथे फूट पडली, आणि त्यांचे पुढचे काम २०१९ पासून ग्राफीनओएस या नावाने चालू लागले. आज कॅनडात नोंदलेली एक ना-नफा संस्था या प्रकल्पाच्या पाठीशी आहे.

आकड्यांची भिंत

प्रोफाइलमधली भिंत मुळात आकड्यांची आहे. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचा गाभा आहे, आणि लिनक्स प्रत्येक वापरकर्त्याला एक क्रमांक देतो. अँड्रॉइडने ही जुनी व्यवस्था मोठ्या कल्पकतेने वापरली: माणसाऐवजी प्रत्येक अ‍ॅपलाच क्रमांक दिला. हे क्रमांक १०,००० पासून सुरू होतात. एखाद्या अ‍ॅपचा क्रमांक १०१२३ असेल, तर त्याच्या फाइल त्या क्रमांकाखेरीज कोणाला उघडता येत नाहीत.

प्रोफाइलचाही क्रमांक असतो. फोनच्या मालकाचे प्रोफाइल शून्य क्रमांकाचे, आणि नवी प्रोफाइल १० पासून पुढे. प्रोफाइलच्या क्रमांकाला एक लाखाने गुणायचे आणि त्यात अ‍ॅपचा क्रमांक मिळवायचा. म्हणजे तेच १०१२३ क्रमांकाचे अ‍ॅप दहाव्या प्रोफाइलमध्ये १०१०१२३ होते, तर अकराव्यात १११०१२३. लिनक्सच्या दृष्टीने ही तीन सर्वस्वी वेगळी अस्तित्वे ठरतात. अ‍ॅपचा मूळ संच फोनवर एकदाच साठवलेला असतो, त्यामुळे एका प्रोफाइलमध्ये ते अद्ययावत केले की सगळीकडे अद्ययावत होते. त्याची माहिती मात्र प्रत्येक ठिकाणी निराळी राहते. एसईलिनक्स या गाभ्यातल्या सुरक्षा यंत्रणेची लेबले याच क्रमांकांवरून आणखी एक कुंपण घालतात. इतक्या साध्या बेरीज-गुणाकारावर एवढी मोठी विभागणी उभी राहावी, यात संगणकशास्त्राचे खरे सौंदर्य आहे.

अ‍ॅप्स एकमेकांपासून आधीच विभक्त असतील, तर प्रोफाइलची गरज काय? एकाच प्रोफाइलमधली दोन अ‍ॅप्स परस्पर संमतीने बोलू शकतात. एकाच कंपनीची, किंवा एकच जाहिरात-संच आत बाळगणारी अ‍ॅप्स वापरकर्त्याच्या नकळत ओळख जुळवू शकतात. प्रोफाइलची सीमा हा संवाद तोडते. संपर्क, फोटो, क्लिपबोर्ड, व्हीपीएनची जोडणी आणि स्थापित अ‍ॅप्सची यादी, हे सगळे सीमेच्या आतच राहते.

किल्लीचा प्रवास

या व्यवस्थेतला सर्वांत रोचक भाग म्हणजे किल्ली. प्रत्येक प्रोफाइलची साठवण दोन प्रकारची असते. पहिला प्रकार फोन सुरू होताच उघडतो. गजर किंवा येणारा कॉल अशा मोजक्या गोष्टींना तो लागतो. दुसऱ्या प्रकारात बाकीचे सारे येते, आणि तो त्या प्रोफाइलचा पिन किंवा पासवर्ड दिल्याखेरीज उघडत नाही. फाइलचा मजकूरच नव्हे, तिचे नावही तोवर वाचता येत नाही.

पिन सहा आकडी असेल, तर त्याच्या दहा लाखच शक्यता उरतात. शक्तिशाली संगणक त्या क्षणात तपासून मोकळा होईल. इथे पिक्सेलमधली टायटन एम२ ही सुरक्षा चिप मध्ये उभी राहते. पिनवर आधी एस्क्रिप्ट नावाची मुद्दाम संथ केलेली गणिती प्रक्रिया होते. तिचे फलित चिपकडे जाते. ते जुळले तरच चिप स्वतःजवळचे गुपित बाहेर देते, आणि त्या गुपिताशिवाय किल्ली घडत नाही. चुकीचे प्रयत्न वाढत गेले की चिप प्रत्येक प्रयत्नानंतरची प्रतीक्षा वाढवत नेते आणि ती अखेर दिवसाला एका प्रयत्नापर्यंत पोचते. साठवणुकीची चिप काढून दुसऱ्या यंत्राला जोडली तरी उपयोग नाही, कारण गुपित सुरक्षा चिपमध्येच राहते. प्रत्येक प्रोफाइलसाठी या चिपमध्ये वेगळा कप्पा असतो, म्हणून एका प्रोफाइलचा पिन कळला तरी दुसरे उघडत नाही.

प्रोफाइल एकदा उघडले की त्याची किल्ली स्मृतीत येते. त्यानंतर पडदा बंद केला, कुलूप लावले, तरी ती तिथेच असते. फोन ‘उघडण्यापूर्वी’ आणि ‘उघडल्यानंतर’ या दोन अवस्थांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडतो तो इथे. सेलेब्राइटसारख्या कंपन्यांची माहिती उपसणारी साधने दुसऱ्या अवस्थेतल्या फोनवर अधिक भर देतात, कारण तिथे किल्ली आत आहे, कुलूपच तेवढे चुकवायचे आहे.

ग्राफीनओएसने दुय्यम प्रोफाइलसाठी ‘सत्र संपवा’ ही सोय खुली ठेवली आहे. ती वापरताच त्या प्रोफाइलची सर्व अ‍ॅप्स थांबतात आणि लिनक्सच्या गाभ्यातून किल्ली काढून टाकली जाते. फोन चालूच राहतो, पण ते प्रोफाइल नुकत्याच सुरू केलेल्या फोनइतके बंद होते. प्रोफाइल वेगळे ठेवण्याचे खरे सार्थक या एका कृतीत आहे. वेगळे प्रोफाइल केले, पण त्याचे सत्र कधीच संपवले नाही, तर अ‍ॅप्सपासून संरक्षण मिळते, फोन हिसकावणाऱ्यापासून मात्र नाही.

मालक प्रोफाइलला ही सोय नाही. संपूर्ण प्रणालीची संवेदनशील माहिती त्याच्याच किल्लीने बांधलेली असते, म्हणून फोन सुरू झाल्यावर आधी ते उघडावे लागते आणि बंद करायचे तर फोनच पुन्हा सुरू करावा लागतो. त्याच्या मदतीला स्वयंचलित रीबूट आहे: फोन ठरावीक काळ, मूळ मांडणीत १८ तास, कोणी उघडला नाही तर तो आपोआप पुन्हा सुरू होतो आणि सगळ्या किल्ल्या स्मृतीतून जातात. अ‍ॅपलने २०२४ मध्ये आयफोनला अशीच सोय दिली, तिथे मुदत तीन दिवसांची आहे. ग्राफीनओएसने त्याच वर्षी जबरदस्तीच्या प्रसंगासाठीचा पिनही आणला. तो टाकला की फोनवरची सारी माहिती आणि ई-सिम कायमचे पुसले जातात.

आखणी

किती प्रोफाइल करावीत? ग्राफीनओएस पाहुणा प्रोफाइल धरून ३२ दुय्यम प्रोफाइलची मुभा देते, पण बहुतेकांना तीन किंवा चार पुरतात. प्रत्येक प्रोफाइलमागे दोन प्रश्न असावेत: कोणापासून काय दडवायचे, आणि ते कितीदा उघडावे लागणार. उत्तर सुचत नसेल तर त्या प्रोफाइलची गरज नाही.

मालक प्रोफाइल जवळपास रिकामे ठेवणे हा सर्वांत चांगला पाया. त्यात प्रणालीची मांडणी आणि अ‍ॅप्सची स्थापना एवढेच असावे. तेथून आणलेली अ‍ॅप्स इतर प्रोफाइलना देता येतात आणि त्या प्रोफाइलमध्ये नवी अ‍ॅप्स बसवण्यास बंदीही घालता येते. मालक प्रोफाइल इतर प्रोफाइल काढून टाकू शकते, पण त्यांच्यातली माहिती वाचू शकत नाही.

रोजच्या वापराचे प्रोफाइल दुसरे. तिसरे गुगलवर अवलंबून असलेल्या अ‍ॅप्ससाठी. २०२१ पासून ग्राफीनओएसमध्ये गुगल प्ले सेवा विशेषाधिकार नसलेली साधी अ‍ॅप्स म्हणून चालतात. ज्या प्रोफाइलमध्ये त्या बसवल्या, तेवढ्यातच त्यांचा वावर राहतो. भारतातल्या वापरकर्त्याने यूपीआयची गरज इथे लक्षात घ्यावी. यूपीआयची नोंदणी होताना फोनमधल्या सिमवरून एसएमएस जातो, त्यामुळे त्या प्रोफाइलला कॉल आणि एसएमएसची परवानगी द्यावी लागते. काही बँकांची अ‍ॅप्स गुगलने प्रमाणित केलेलीच प्रणाली मागतात, तिथे कोणतीही आखणी कामी येत नाही.

चौथे प्रोफाइल संवेदनशील कामाचे: पत्रकाराचे सूत्र, वकिलाचे अशील, रुग्णाची कागदपत्रे. त्याला लांब पासवर्ड, स्वतंत्र व्हीपीएन, पार्श्वभूमीत चालण्यास मनाई, आणि काम झाले की सत्र संपवण्याची शिस्त असावी. ज्यांना सतत प्रोफाइल बदलणे जड जाते, त्यांना मालक प्रोफाइलच्या सोबतीनेच चालणारी, तरी स्वतःची किल्ली असलेली प्रायव्हेट स्पेस बरी पडते.

प्रोफाइलच्या आतली बंधने

सीमा घातल्यावर आतल्या परवानग्या येतात. ग्राफीनओएस प्रत्येक अ‍ॅपची इंटरनेट परवानगी काढून घेऊ देते. कीबोर्ड, गणकयंत्र, फोटो दाखवणारे अ‍ॅप यांना ती लागतच नाही. संवेदकांची वेगळी परवानगी हे दुसरे वैशिष्ट्य. तिचे महत्त्व २०१४ च्या एका संशोधनातून दिसते. स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि इस्रायलमधील राफाएल या संस्थेच्या संशोधकांनी मायक्रोफोनला हात न लावता फोनच्या जायरोस्कोपमधून बोलण्याचे अंश ओळखून दाखवले होते. अँड्रॉइडने पुढे १२ व्या आवृत्तीत या संवेदकांच्या नोंदींचा वेग मर्यादित केला, ग्राफीनओएस तर त्या पूर्ण थांबवू देते. स्टोरेज स्कोप्स आणि कॉन्टॅक्ट स्कोप्स या सोयींमुळे अ‍ॅपला परवानगी मिळाल्यासारखे वाटते, पण निवडलेल्या फाइल आणि निवडलेले संपर्क एवढेच त्याच्या हाती लागतात. परवानगी नाकारली की अडून बसणाऱ्या अ‍ॅपवर हा फार नेमका उपाय आहे.

मर्यादा

प्रोफाइल चाळीतल्या खोल्यांसारखी असतात: भिंती आणि कुलपे वेगळी, जिना आणि नळ सामायिक. सिम, वायफाय, ब्लूटूथ आणि फोनची यंत्रणा सर्वांची एकच असते. एकाच वायफायवरून निघालेल्या दोन प्रोफाइलचा आयपी पत्ता सारखाच दिसतो. म्हणून वेगळी ओळख हवी असेल तर व्हीपीएनही वेगळे हवे. मोबाइल कंपनीला फोनचे ठिकाण कोणत्याही प्रोफाइलमधून कळतेच.

दुसरी मर्यादा गाभ्याची. सर्व भिंती लिनक्सचा गाभा सांभाळतो. त्यात घुसणारा हल्लेखोर उघडी असलेली सगळी प्रोफाइल पाहू शकतो. जोआना रुटकोव्स्का यांच्या क्यूब्स ओएसने संगणकावर प्रत्येक कप्प्याला आभासी यंत्र देऊन ही अडचण पुष्कळ कमी केली. फोनवर ते अजून शक्य झालेले नाही. म्हणून ग्राफीनओएस स्मृतिवाटपाचे स्वतःचे कणखर साधन वापरते आणि पिक्सेल ८ पासूनच्या फोनमध्ये स्मृतीला खुणा लावण्याची प्रोसेसरची सोय चालू ठेवते. पेगॅसस या फोनवर पाळत ठेवणाऱ्या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरविषयी २०२१ मध्ये जे उघड झाले, त्यानंतर या थराचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. सत्र संपवलेल्या प्रोफाइलची किल्ली स्मृतीत नसल्याने अशा हल्ल्यातही ते वाचते.

देखभालीचा भारही आहे. प्रत्येक प्रोफाइलचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो, फाइलची ने-आण सरळ होत नाही, आणि बंद प्रोफाइलमधल्या सूचना पोचत नाहीत. ठराविक काळाने प्रत्येक प्रोफाइल तपासून, ज्याचे काम संपले ते काढून टाकणे हा आखणीचाच भाग आहे. काढण्यापूर्वी हवे ते बाहेर काढून घ्यावे, कारण प्रोफाइल हटवताच त्याची किल्ली नष्ट होते, आणि मागे उरलेली सांकेतिक माहिती मालकालाही पुन्हा वाचता येत नाही.