निकाल लागेपर्यंत थांबू नका : नोकरीची तयारी दुसऱ्या वर्षापासूनच

जून-जुलैमध्ये पदवीचा निकाल लागतो. घरात मिठाई वाटली जाते, नातेवाइकांचे फोन येतात आणि महिनाभराने अब्बू विचारतात, "मग आता पुढे काय?" तेव्हा मुलगा पहिल्यांदा बायोडेटा बनवायला बसतो. आपल्या बऱ्याच घरांतलं हे चित्र आहे. मुलगा हुशार नसतो असं नाही. त्याने सुरुवात एक वर्ष उशिरा केलेली असते, एवढंच. त्याच्याच वर्गातल्या काही मुलांच्या हातात तोपर्यंत ऑफर लेटर आलेलं असतं.

ज्या घरात आई-वडील नोकरदार आहेत तिथे मुलांना हे वेळापत्रक आपोआप कळतं. आपल्याकडे दुकान, गॅरेज, लूम, रिक्षा किंवा शेती असते. घरातला पहिलाच पदवीधर असेल तर सांगणार कोण? म्हणून ही माहिती मुलांनी आणि पालकांनी सोबत बसून वाचावी.

सुरुवात कधी करायची?

सरळ उत्तर : तयारी दुसऱ्या वर्षात, अर्ज शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला.

इंजिनीअरिंगच्या कॅम्पस मुलाखती साधारण सातव्या सेमिस्टरला, म्हणजे जुलै-ऑगस्टपासून सुरू होतात. पदवी हातात यायला तेव्हा जवळजवळ वर्ष बाकी असतं. बी.कॉम., बी.एस्सी., बीसीएच्या कॉलेजांत कंपन्या जरा उशिरा येतात, पण त्याही बहुतेक परीक्षेच्या आधीच येतात. बऱ्याच कंपन्यांची अट असते की दहावी, बारावी आणि पदवी तिन्हीकडे ठरावीक टक्के हवेत (साठ टक्के ही नेहमीची रेषा) आणि एकही केटी बाकी नको. दुसऱ्या वर्षात राहिलेला एक विषय पुढे अख्खा कॅम्पस सीझन घालवू शकतो. त्यामुळे नोकरीच्या तयारीतलं पहिलं काम म्हणजे केटी वेळेत काढणं.

दुसरं वर्ष : कागदपत्रं सरळ करा

हे काम कंटाळवाणं आहे, पण आपल्या मुलांची गाडी सगळ्यात जास्त इथेच अडते. दहावीच्या मार्कशीटवर 'शेख मोहम्मद', आधारवर 'मोहम्मद शेख', पॅनवर नुसतं 'मोहद.' आणि पासपोर्टवर इंग्रजी स्पेलिंग वेगळंच. सय्यद, काझी, फातिमा या नावांचंही तसंच. नोकरी लागल्यावर कंपनी कागदपत्रांची पडताळणी करते आणि फरक दिसला की जॉइनिंग लांबतं. आखाती देशाचा व्हिसा असेल तर त्रास आणखी वाढतो.

दहावीचं मार्कशीट पाया धरा. आधार, पॅन, बँक खातं, पासपोर्ट सगळं त्याच्याशी अक्षरश: जुळवून घ्या. चूक मार्कशीटमध्येच असेल तर शाळेमार्फत बोर्डाकडे लगेच अर्ज करा. नावच बदलायचं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्धी घ्यावी लागते.

दुसरा कागद जातीच्या दाखल्याचा. मोमीन, बागवान, तांबोळी, अत्तार, मणियार, पिंजारी अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो : आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यू नोंद किंवा महसुली कागद. हे शोधण्यात महिने जातात. शिवाय नॉन-क्रीमिलेअर वेगळं काढावं लागतं आणि केंद्राच्या नोकरीसाठी दाखल्याचा नमुनाही वेगळा असतो. जे ओबीसीत येत नाहीत आणि ज्यांच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांनी ईडब्ल्यूएसच्या इतर अटी पाहून तो दाखला काढावा. जाहिरात आल्यावर तहसील कार्यालयात धावपळ करून उपयोग नसतो.

अनुभव कुठून आणायचा?

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळी सुट्टीत दीड-दोन महिने कुठेतरी काम करा. मोठी कंपनीच हवी असं नाही. सीएचं ऑफिस, पॅथॉलॉजी लॅब, बिल्डरची साइट, एखादी संस्था, काहीही चालेल. मात्र काम संपल्यावर लेटरहेडवर तारखांसह सर्टिफिकेट घ्यायला विसरू नका.

घरच्या धंद्यातलं कामही अनुभवच असतो. भिवंडी-मालेगावातली किती तरी मुलं वडिलांच्या लूमचा हिशेब टॅलीत ठेवतात, जीएसटीचे कागद सीएकडे नेतात, व्यापाऱ्यांशी बोलतात. बायोडेटात ते 'वडिलांना मदत' म्हणूनही लिहीत नाहीत. नीट लिहा : किती वर्षं, कोणतं काम, महिन्याला साधारण किती बिलं. बायोडेटा एका पानाचा पुरे. त्यात धर्म, वैवाहिक स्थिती, वडिलांचा व्यवसाय यांची गरज नाही. शिक्षण, काम, येणाऱ्या भाषा आणि सॉफ्टवेअर एवढं स्पष्ट असावं. मराठी, उर्दू, हिंदी आणि कामापुरतं इंग्रजी येणारा मुलगा ग्राहकांशी बोलण्याच्या कामात कुणापेक्षा कमी नाही.

शेवटचं वर्ष : चारही बाजूंनी अर्ज

पहिली बाजू कॉलेजचा प्लेसमेंट सेल. वर्ष सुरू होताच नाव नोंदवा. आपल्या कॉलेजात कंपन्या येत नसतील तर शेजारच्या मोठ्या कॉलेजात पूल कॅम्पस होतो का, ते विचारा.

दुसरी, कॉलेजबाहेरच्या खुल्या परीक्षा. टीसीएसची एनक्यूटी परीक्षा शेवटच्या वर्षातले विद्यार्थीही देऊ शकतात. विप्रोच्या 'विल्प' योजनेत बीसीए, बी.एस्सी. झालेल्यांना नोकरीसोबत पुढचं शिक्षण मिळतं. या परीक्षांत गणित, तर्क आणि इंग्रजी असतं. रोज एक तास, चार महिने सराव केला तर गाव लहान असल्याने काही अडत नाही.

तिसरी, माजी विद्यार्थी. आपल्या कॉलेजातून गेल्या दोन-तीन वर्षांत कोण कुठे लागलं याची यादी करा. त्यांना नोकरी मागू नका. "तुमच्याकडे भरती कशी होते, मी काय शिकू?" एवढंच विचारा. बहुतेक जण आनंदाने सांगतात आणि जागा निघाली की आठवणही ठेवतात.

चौथी, सरकारी परीक्षा. यूपीएससीची पूर्वपरीक्षा पदवीच्या शेवटच्या वर्षात देता येते. बँक आणि एसएससीच्या परीक्षांत ठरावीक तारखेपर्यंत पदवी पूर्ण असावी लागते, म्हणून जाहिरातीतली ती तारीख आधी पाहा. एक खबरदारी : फक्त सरकारी परीक्षेवर चार-पाच वर्षं घालवू नका. किती प्रयत्न करायचे हे आधीच ठरवा आणि सोबत दुसरा रस्ता चालू ठेवा.

यातलं काहीच जमलं नाही तर पदवीनंतर केंद्राच्या 'नॅट्स' पोर्टलवर अ‍ॅप्रेंटिसशिपसाठी नोंदणी करा. वर्षभर काम, दरमहा स्टायपेंड आणि शेवटी सर्टिफिकेट मिळतं.

घरात आधी बोलून घ्या

मुलीला पुण्यात नोकरी मिळते, जॉइनिंगची तारीख येते आणि तेव्हा घरात चर्चा सुरू होते की पाठवायचं की नाही. तिची तीन वर्षांची मेहनत त्या एका आठवड्यात वाया जाते. हे बोलणं शेवटचं वर्ष सुरू होण्याआधी व्हायला हवं. कोणतं शहर चालेल? हॉस्टेल की नातेवाइकांकडे? रात्रपाळी असेल तर? अम्मी-अब्बूंनी आपली काळजी मोकळेपणाने सांगावी, मुलीनेही आपलं म्हणणं मांडावं.

बँकेतल्या नोकरीचंही तसंच. व्याजाच्या कामाबद्दल मनात शंका असेल तर जाणकार आलिमांना अर्ज भरण्याआधी विचारा, ऑफर आल्यावर नाही. जुम्याची नमाज, हिजाब याबद्दल कंपनीशी बोलायचं तर ऑफर आल्यानंतर आणि जॉइन होण्यापूर्वी साध्या शब्दांत बोला. "शुक्रवारी जेवणाची सुट्टी थोडी पुढे-मागे करून मिळेल का?" असं विचारलं तर बऱ्याच ठिकाणी मार्ग निघतो.

पैसे मागणारा नोकरी देत नाही

नोंदणी, ट्रेनिंग, लॅपटॉप डिपॉझिट अशा नावाखाली आधी पैसे मागणाऱ्यापासून दूर राहा. मूळ मार्कशीट कुणाच्या ताब्यात देऊ नका. बाँडवर सही करण्याआधी तो घरी आणून वाचा. आखाती देशात जायचं असेल तर एजंटचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. नोंदणीकृत एजंटलाही तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही, आणि त्याची पावती द्यावी लागते. व्हिजिट व्हिसावर जा, तिथे काम मिळेल असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका.

रिझ्क देणारा अल्लाह आहे, यात शंका नाही. पण उंट बांधून मग तवक्कुल करायची शिकवणही आपल्यालाच दिली आहे. ज्यांची मुलं आज एसवायला आहेत त्यांच्याकडे अजून वेळ आहे. या रविवारी मुलाची किंवा मुलीची सगळी कागदपत्रं एका फाइलमध्ये काढा आणि नावं जुळतात का ते पाहा. सुरुवात तिथूनच होते. बाकीचे दरवाजे इंशाअल्लाह एकेक करून उघडतील.