बँडविड्थ आणि लेटन्सी : उपग्रहाच्या इंटरनेटचा ‘वेग’ म्हणजे नक्की काय?

मंडळी, मागच्या व्याख्यानात उपग्रह कक्षेत कसा टिकून राहतो ते आपण पाहिलं. आज त्याच्यामार्फत माहिती कशी जाते-येते ते बघू. त्यासाठी पाच शब्द पक्के करायचे आहेत.

तीन सोपे आहेत. जमिनीवरून उपग्रहाकडे जाणारा संदेश म्हणजे अपलिंक, खाली येणारा तो डाउनलिंक. वर पोचेपर्यंत संदेश अगदी क्षीण होतो. त्याची शक्ती वाढवून, फ्रिक्वेन्सी बदलून खाली पाठवणारं उपग्रहातलं यंत्र म्हणजे ट्रान्सपाँडर. फ्रिक्वेन्सी बदलली नाही, तर उपग्रहाच्या स्वतःच्याच आवाजात खालचा संदेश बुडून जाईल. १९७१ मध्ये नारायणगावजवळ आर्वीला सुरू झालेलं विक्रम भू-केंद्र अशाच पद्धतीने परदेशी फोन जोडत असे.

आता उरलेले दोन. यांची गल्लत सगळेच करतात. कालव्याला आवर्तन सुटलं की आपण दोन गोष्टी विचारतो : पाणी किती सुटलंय, आणि आपल्या शेताशी कधी पोचणार? ‘किती’ म्हणजे बँडविड्थ, ‘कधी’ म्हणजे लेटन्सी. कालवा रुंद केला तर पाणी जास्त येईल, पण शेताचं अंतर काही कमी होत नाही.

भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो. वर जाऊन खाली येणं म्हणजे सुमारे ७२,००० किलोमीटर. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर, म्हणजे पाव सेकंद गेला. उत्तर यायला आणखी पाव. हा अर्धा सेकंद कितीही पैसे भरले तरी कमी होत नाही.

त्याचा फटका कुठे बसतो बघा. इंटरनेटवर टीसीपी नावाचा नियम आहे : थोडा माल पाठवायचा, पोच आली की पुढचा. मूळ नियमात पोच येण्याआधी जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट पाठवता येत. अर्ध्या सेकंदाला एवढंच, म्हणजे सेकंदाला जेमतेम एक मेगाबिट. लाइन दहा मेगाबिटची घेतली तरी एका जोडणीला मिळणार एकच! पुढे ही मर्यादा वाढवण्याची सोय झाली. पण बोलण्यातला खंड मात्र तसाच राहिला.

मग उपाय? उपग्रहच खाली आणायचा. ५५० किलोमीटरवरचा उपग्रह डोक्यावर असताना जाऊन-येऊन चार मिलिसेकंदही लागत नाहीत. पण तो आकाशात स्थिर राहत नाही, काही मिनिटांत क्षितिजाआड जातो. म्हणून एकाऐवजी शेकडो, हजारो लागतात.

तेव्हा गावच्या आरोग्य केंद्रासाठी उपग्रहाची जोडणी घेताना नुसतं ‘किती एमबीपीएस?’ विचारून भागणार नाही. एक्स-रे शहरात पाठवायचा असेल तर अर्धा सेकंद चालतो. डॉक्टरांशी समोरासमोर बोलायचं असेल तर तोच खटकतो. आधी काम ठरवा, मग लेटन्सी विचारा.

पुढच्या वेळी पावसात डिशचा संदेश का तुटतो, ते पाहू.